अनुभव धागा : खाडी, नदी, बंदर आणि पाण्याची वेळ

खाडीकाठची (धागाकर्ती)
2016 च्या कायद्याने देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग ठरले. आपली वाशिष्ठी-दाभोळ खाडी त्यात आहे, शास्त्री-जयगड आहे, अंबा आहे, गोव्याच्या मांडवी-झुवारी आहेत, कुंभारजुव्याचा कालवाही आहे. पण गाळ कुठे साचलाय, कुठल्या भरतीला बोट निघते, कुठे ताटकळावं लागतं, हे त्या पाण्यातून गेलेल्या माणसांनीच सांगावं. प्रवासी, कामगार, मच्छीमार, सगळ्यांनी लिहा. माझ्यापुरतं सांगायचं तर 2003 मध्ये दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली आणि आमच्या गुहागरला दापोली शेजारी आली. त्याआधी गाडीने जायचं तर चिपळूणचा वळसा ठरलेला.

राजापूरची माहेरवाशीण
आमच्या लहानपणी मे महिना म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट. आधी चढेल तो डेकवर सतरंजी पसरून जागा धरायचा. आमच्या मुसाकाजी बंदराला बोट खोल पाण्यातच उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे छोट्या होड्या, यायचे. ट्रंका, वळकट्या, मग आम्ही पोरं, शेवटी आजी. पडाव लाटेबरोबर वर आला की खलाशी ओरडायचा, "आता!" आणि दंडाला धरून खाली घ्यायचा. आजीला बोट लागायची, तरी ती एसटीचं नाव काढू देत नसे. राजापूर तर खाडीच्या पार आत. सतराव्या शतकात तिथे इंग्रजांची वखार होती, एवढं ते बंदर चालतं होतं. पुढे नदी गाळाने भरली.

मांडवीतला बार्जवाला
वडील बार्जवर, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट तळाच्या बोटीवर, मास्टर, मी सुरुवातीला खलाशी. वरच्या धक्क्यांवर खनिज भरायचं आणि मुरगावला जहाजाला द्यायचं, हेच काम. भरताना वडिलांचं लक्ष नाळेवर, म्हणजे बार्जच्या पुढच्या टोकावर, रंगवलेल्या आकड्यांवर. पाणी ठरलेल्या आकड्याला टेकलं की खनिज टाकणारा पट्टा बंद, मग मुकादम कितीही म्हणो.

पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी आग्वादला वाळूचा बांध आणि वर खवळलेला समुद्र, त्यामुळे ती वाट बंद. तेव्हा सगळ्या बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरायच्या. कालवा अरुंद, पाणी उथळ. भरती चढेपर्यंत तोंडाशी रांग लागायची. आम्ही तिथेच जेवण शिजवायचो, काठच्या चिखलात मगरी पडलेल्या दिसायच्या. पाणी चढलं की पुढच्याने भोंगा द्यायचा. मध्येच ओहोटी लागली तर बार्ज गाळात बसते आणि मागच्या सगळ्या अडकतात, म्हणून निघायची वेळ कोणी चुकवत नसे.

2012 मध्ये खाणी बंद झाल्या. बार्जी काठाला बांधल्या त्या तिथेच गंजल्या. कर्ज काढून बार्ज घेतलेले कितीतरी लोक बुडाले. रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांबद्दल तेव्हा बरंच लिहिलं गेलं, नदीवरच्या माणसांबद्दल त्या मानाने फार थोडं. ते मला अजून सलतं.

खाडीकाठची
दादा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. कालव्यातल्या रांगेचं वर्णन मी पहिल्यांदाच वाचतेय.

ऱ्हाईनकाठ, मानहाइम
इथे भरती-ओहोटी नाही, पण पाण्याची वाट बघणं आहेच. 2018 च्या ऑक्टोबरात ऱ्हाईनकाठच्या काउब गावातल्या मोजपट्टीवर पातळी 25 सेंमीपर्यंत उतरली. तो आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे, जहाजांच्या वाटेत त्याहून बरंच जास्त पाणी असतं. तरी जहाजं अर्धी, कधी त्याहूनही रिकामी धावत होती. दक्षिण जर्मनीतल्या काही पंपांवर पेट्रोल संपलं, तेव्हा शहरातल्या लोकांना नदीची आठवण झाली. मी मालवाहतुकीच्या नियोजनात काम करतो. सकाळी हवामानाआधी काउबचा आकडा बघायची सवय तेव्हापासूनची.

रेवसकर
17 जुलै 1947, आषाढी अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या आळीतल्या कितीतरी घरांत त्या अमावस्येला आजही चूल पेटत नाही. 2020 पासून मांडव्याला रो-रो येते, पावसातही चालते, गाडीसकट तासाभरात मुंबई. चांगलीच सोय आहे, मीही जातो. खडकाजवळून जाताना आई हात जोडते.

धरमतरचा डोलकर
अंबा खाडीतून कारखान्याच्या बार्जी जातात. आमची डोल जाळी खुंटांना बांधलेली, रात्री ती दिसत नाहीत. जाळं फाटलं की हंगाम गेला. भरपाईसाठी अर्ज केला, उत्तर नाही. बार्जी बंद करा असं आमचं म्हणणं नाही, गावातली पोरं त्यांच्यावर कामाला आहेत. उद्या कुठल्या भरतीला किती बार्जी येणार, हे आदल्या संध्याकाळी जेटीवरच्या फळ्यावर लिहा. आम्ही जाळी काढून घेऊ.