मदत हवी आहे: इन्फ्लुएंझाच्या रुग्णाच्या थुंकीत बुरशी, तरी औषध नाही

तापीकाठचा:
वडील इन्फ्लुएंझामुळे जळगावच्या एका खासगी रुग्णालयात दाखल आहेत. ताप उतरून ते सावरत असतानाच पुन्हा ताप चढला, ऑक्सिजन वाढवावा लागला आणि थुंकीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) क्लेबसिएला हा जिवाणू व कॅन्डिडा ही बुरशी दोन्ही निघाले. डॉक्टरांनी अँटिबायोटिक बदलले, पण बुरशीचे औषध सुरू करत नाहीत. अहवालात स्पष्ट लिहिलेले असताना थांबायचे कशासाठी? कृपया लवकर सांगावे.

सातपुडा:
वय किती? मधुमेह, स्टेरॉइड, व्हेंटिलेटर यांपैकी काय आहे? एवढे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

केळीबाग रावेर:
थांबू नका भाऊ. २०२१ मध्ये कोरोनानंतर आमच्या काकांना म्युकर (काळी बुरशी) झाला, तेव्हा अँफोटेरिसिन या बुरशीच्या औषधासाठी आम्ही धुळे, नाशिक पालथे घातले. आग्रह धरल्याशिवाय कोणी देत नाही.

धुळ्याची परिचारिका:
म्युकर आणि कॅन्डिडा यांची गल्लत नको. कॅन्डिडा तोंडात-घशात एरवीही असते आणि अँटिबायोटिकनंतर वाढते, त्यामुळे केवळ थुंकीत सापडली म्हणून सहसा उपचार करत नाहीत. रक्ताच्या कल्चरमध्ये आली तर गोष्ट वेगळी. इन्फ्लुएंझाच्या अत्यवस्थ रुग्णात धास्ती असते ती दुसऱ्या बुरशीची, म्हणजे अ‍ॅस्परजिलसची, कारण विषाणूने श्वासनलिकेचे अस्तर आधीच खरवडलेले असते. त्यासाठी गॅलॅक्टोमॅनन (त्या बुरशीचा अंश शोधणारी) तपासणी करतात, शक्यतो दुर्बिणीने फुप्फुसातून घेतलेल्या नमुन्यावर. शिवाय अ‍ॅस्परजिलसवर चालणारे व्होरिकोनॅझोल हे औषध म्युकरवर चालत नाही.

केळीबाग रावेर:
म्हणजे म्युकरने डोळा सुजेपर्यंत बसून राहायचे का ताई?

धुळ्याची परिचारिका:
मुळीच नाही. नाकातून काळपट स्राव, गालाला बधिरपणा किंवा डोळ्याभोवती सूज दिसताच डॉक्टरांना बोलवावे. परंतु अँफोटेरिसिन मूत्रपिंडाला इजा करू शकते, ते अंदाजाने मागायचे औषध नव्हे.

भुसावळकर नाना:
प्रत्येकाने दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. १९१८ च्या साथीतही बहुतेक मृत्यू नंतर जडलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने झाले होते.

सातपुडा:
नाना, रुग्ण दाखल आहे, लसीचे नंतर पाहू. तापीकाठचे भाऊ, माझ्या प्रश्नांचे काय झाले?

तापीकाठचा:
वय ६८. मधुमेह आहे, तो या वयात बऱ्याच जणांना असतो. दम्यामुळे स्टेरॉइड चालू आहे. व्हेंटिलेटर नाही.

धुळ्याची परिचारिका:
मग मधुमेह आणि स्टेरॉइड हीच मुख्य माहिती आहे. सकाळच्या राउंडला साखर किती राहते, स्टेरॉइडचा डोस उतरवता येईल का, क्लेबसिएला कोणत्या औषधाला दाद देतो याचा अहवाल आला का, आणि नव्या अँटिबायोटिकनेही ताप न उतरल्यास छातीचा सीटी स्कॅन व गॅलॅक्टोमॅनन करणार का, हे विचारा. थुंकीतल्या कॅन्डिडावरून मात्र वाद घालू नका.