आठवड्याचा वेळ कुठे जातो ते लिहून बघायचंय, तुम्ही कसं करता?

निशिगंधा:
नमस्कार मंडळी. मी घरून काम करते, ऑफिसचे तास टाइमशीटमध्ये भरावेच लागतात त्यामुळे तो हिशोब पक्का आहे, पण बाकीचा दिवस कुठे जातो विचाराल तर सांगता येत नाही. एक आठवडा सगळं लिहून बघायचं मनापासून ठरवलंय. ॲपमध्ये दर वेळी टायमर चालू-बंद करणं होत नाही, आणि खरी अडचण म्हणजे कुकर लावलेला असतो, लेकीकडून पाढे म्हणून घेणं चालू असतं आणि तेवढ्यात सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ होते. मग ते कशात धरायचं?

बांधावरून:
वही घे. अर्ध्या तासाचे रकाने आख, दिवसाचे ४८, आठवड्याचे ३३६. सरकारचा टाइम यूज सर्व्हे असतो ना, त्यात असंच विचारतात, काल पहाटे ४ ते आज पहाटे ४, अर्ध्या अर्ध्या तासात काय केलं. म्हणजे काम करता करता नोंद करायची गरजच नाही, कालचं माणसाला नीट आठवतं, परवाचं विसरायला होतं. दुपारी जेवण झाल्यावर एकदा आणि झोपताना एकदा भर, बास. आणि गौरी-गणपतीचा नाहीतर परीक्षेचा आठवडा घेऊ नकोस, साधा घे.

मुक्ता_के:
वहीला +१. निशिगंधाताई, दोन कामं एकदम असतील तर शेजारी 'सोबत' म्हणून अजून एक रकाना करा. पाढे मुख्य, कुकर सोबत. हा रकाना नसेल तर मुलांवर लक्ष ठेवणं कुठेच दिसत नाही, आणि माझ्या मते बायकांचा बराचसा दिवस त्यातच असतो. २०२४ च्या त्याच सर्व्हेत घरकामाला बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं आणि पुरुषांची ८८, आणि ही सरासरी फक्त जे घरकाम करतात त्यांचीच आहे, जे काहीच करत नाहीत ते यात धरलेलेच नाहीत!! म्हणून म्हणते, नवऱ्यालाही त्याच आठवड्यात वेगळी वही द्या. एकटीचीच वही भरली तर आपण फक्त स्वतःची कामं कमी करत बसतो.

निशिगंधा:
मुक्ता, हे डोक्यातच आलं नव्हतं, दोन वह्या आणते. कामांचे प्रकार आधी ठरवायचे का?

बांधावरून:
आधी नको. साध्या शब्दांत लिही, 'भाजी निवडली', 'फोन बघत बसले'. रविवारी रंगीत पेनाने गट पाड. अलेक्झांडर ल्युबिश्चेव नावाचे रशियन कीटकशास्त्रज्ञ होते, १९१६ पासून १९७२ मध्ये जाईपर्यंत वेळेची नोंद ठेवायचे, मधले व्यत्यय वजा करून निव्वळ वेळ धरायचे. एवढं काटेकोर आपल्याला नको, पण ऑफिसच्या तासांपुरतं तसं नक्की करून बघ.

मुक्ता_के:
आणि 'उद्या डब्याला काय' हा विचार करण्यात जाणारा वेळपण लिहा हं, सोबतच्या रकान्यात.