मदत हवी आहे : किशोरवयीन विद्यार्थ्यांना संदर्भ द्यायला कसे शिकवावे?

माझे विद्यार्थी प्रथमच शोधनिबंध लिहीत असून, एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची लेखन व संदर्भ देण्याची पद्धत) या पद्धतीनुसार 1 इंच समास, दुप्पट ओळअंतर आणि संदर्भसूची एवढे ते नीट सांभाळतात; परंतु दुसऱ्याचा विचार स्वतःच्या शब्दांत मांडला की स्रोत देण्याची गरज उरत नाही, हा त्यांचा समज काही केल्या जात नाही. माझ्या मते खरी अडचण हीच आहे. झोटेरोसारखे मोफत साधन संदर्भसूची क्षणात तयार करते, मात्र मजकुरात लेखकाचे नाव व पृष्ठक्रमांक नेमके कोठे द्यायचे, हे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते. टिपणे काढतानाच स्रोत नोंदवण्याची सवय लावणारा एखादा सराव आपण वर्गात घेतला आहे का? शिवाय एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भपद्धत) यातील, मजकुरात लेखकाचे नाव व वर्ष देण्याची पद्धत याच वयात शिकवावी, की आधी एकच पद्धत पक्की होऊ द्यावी?