खारपाणपट्ट्यात रंगवलेले केस कडब्यासारखे होऊन राहिले, काय करावं?

दर्यापूर_पट्टा
गाव दर्यापूर तालुक्यात, पाणी बोअरचं अन् खारं. केस कमरेच्या चार बोटं वर. आधी अडीच वर्षं पुडीची काळी मेहंदी, दर महिन्याला, पूर्ण केसांना. चार महिन्यांपासून ट्यूबचा बरगंडी, 20 व्हॉल्यूमचा डेव्हलपर, तोही दरवेळी मुळापासून टोकापर्यंत. आता मुळाशी लाल दिसते, मधात काळं, अन् टोकं कडबा. ओले केस विंचरले का फणीत बोटभर लांबीचे तुकडे येतात. कोंडा नाही, खाज नाही. अंडं-दही लावून झालं, दोन दिवस मऊ राहतात, मग पुन्हा तेच.

दोन प्रश्न : बरगंडी सगळीकडं सारखा कसा येईल? अन् तुटणं कसं थांबेल? पार्लरात केराटिन (केस मऊ-सरळ दिसायचा लेप) करा म्हणतात.

कात्री_आणि_ब्रश
ताई, बरगंडीचं आधी सांगते. रंगावर रंग चढवून केस उजळ होत नाहीत. मुळाशी नवीन आलेल्या केसात त्याचा स्वतःचा रंग असतो. डेव्हलपरातलं पेरॉक्साइड तो थोडा उडवते अन् तिथं लाल बसतो. मधातला काळा रंग पुडीचा आहे. तो केसाच्या आत शिरून, तिथंच मोठा होऊन अडकलेला असतो. 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के पेरॉक्साइड, त्यानं तो हलत नाही. पण अमोनिया अन् पेरॉक्साइड त्या पट्ट्याला झिजवून मात्र जातात. रंग काहीच नाही, नुकसान पूर्ण.

टोकांचं गणित करून पाहा. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो. साठ सेंटीमीटरवरचं टोक चार वर्षांचं झालं. त्याच्यावर तीस पुड्या अन् चार ट्यूब होऊन गेल्या. अंडं-दही काय करणार?

केस किती गेला हे घरीच कळते. मधातला अन् टोकाचा असा एकेक केस ओला करा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळू ताणा. चांगला केस एक तृतीयांशानं लांबतो अन् सोडला का मागं येतो. च्युइंगमसारखा लांबतच गेला, मागं आलाच नाही अन् तुटला, तर आतली बांधणीच सुटली. अजिबात न लांबता कट्‌कन तुटला, तर तो कोरडा अन् कडक झाला. पहिल्याला प्रोटीन लागते, दुसऱ्याला नुसतं कंडिशनर अन् तेल. कडक केसावर प्रोटीनचे मास्क थापले तर तो आणखीच तुटतो. ही चूक फार होते.

यापुढं रंग फक्त मुळाला. साठ ग्रॅमची ट्यूब पूर्ण पिळायची गरज नाही. 25 ग्रॅम क्रीम अन् 25 मिलि डेव्हलपर, वाटी प्लास्टिकची किंवा काचेची. स्टीलची वाटी, पितळेची वाटी नको. जुन्या रंगाच्या कडेपासून टोकापर्यंत आधी कंडिशनर किंवा खोबरेल चोपडा, म्हणजे रंग खाली ओघळला तरी केसाला लागत नाही. कानशिलाजवळचे पांढरे केस रंग उशिरा धरतात, तिथून सुरुवात करा. 30 ते 35 मिनिटं, वर नाही. उन्हाळ्यात दुपारी लावू नका. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशात रंगाची क्रिया जोरात होते अन् टाळू पेटल्यासारखी होते. सकाळी आठच्या आत उरका. लांबीवरचा रंग फिका वाटला तर शेवटची पाच मिनिटं ओल्या हातानं खाली ओढा, तेही तीनदा मुळं रंगवल्यावर एकदा.

टोकं चार बोटं कापा. फाटलेलं टोक कोणत्याही सीरमनं जुळत नाही, चिकटल्यासारखं दिसते अन् धुतलं का पुन्हा उघडते. न कापलेली फाट वर चढत जाते.

परीक्षानळी
पाण्याबद्दल लिहितो, कारण पूर्णेच्या खोऱ्यात हा अर्धा प्रश्न आहे. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात लोक खारं पाणी आणि जड पाणी एकच समजतात. तसं नाही. खारं म्हणजे मुख्यतः सोडियमचे क्षार. चवीला कळतात, उकळून जात नाहीत, उलट पाणी आटलं की वाढतात. जड म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम. पाणी तापवायच्या रॉडवर पांढरी पापडी धरते ते. काही बोअरला दोन्ही असतात.

ओळख सोपी आहे. पारदर्शक बाटली अर्धी भरा, अंगाच्या साबणाचा हरभऱ्याएवढा कीस टाका, वीस वेळा हलवा. फेस टिकला तर पाणी हलकं. फेस न होता दह्यासारख्या कण्या तरंगल्या तर जड. शेजारी दुसऱ्या बाटलीत आरओच्या जारचं पाणी घेऊन तेच करा, फरक डोळ्यांनी दिसेल.

रंगवलेल्या केसाला हे जास्त का लागतं? रंग लावताना केसावरचं तेलकट आवरण जातं आणि केसाच्या पृष्ठभागावरचे बारीक खवले उघडे राहतात. अशा केसावर कॅल्शियम चांगलंच चिकटतं. हातपंपाच्या पाण्यात लोह असेल तर आणखी वाईट, कारण लोह किंवा तांब्याचा अंश केसात असताना पेरॉक्साइड लावलं की ते भराभर फुटतं आणि केसाचं प्रोटीनच खातं. ती झळ रंग लावायच्या दिवशीच बसते.

उपाय असे. ईडीटीए (क्षार धरून ठेवणारा घटक) जास्त असलेला, क्षार काढणारा शॅम्पू तीन आठवड्यांतून एकदा. तीन मिनिटं फेस ठेवायचा, मग भरपूर कंडिशनर. हा रंग लावायच्या दोन-तीन दिवस आधी वापरा, नंतर लगेच वापरला तर नवा रंगही ओढून नेतो. एरवी बोअरनंच धुवा, फक्त शेवटचं पाणी जारचं, दोन लिटर पुरतं. त्यात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर किंवा गाळलेल्या एका लिंबाचा रस. आम्लानं खवले बसतात. लिंबू लावून उन्हात मात्र बसू नका, त्यानं रंग उडतो.

तुरटी फिरवून पाणी मऊ होत नाही, फक्त गाळ बसतो. खाण्याच्या सोड्यानं केस धुणं बंद करा, कपड्याच्या साबणानं तर नकोच. दोन्ही अल्कधर्मी आहेत, खवले पुन्हा उघडतात. सगळ्यात स्वस्त आणि उत्तम पाणी आषाढात टिनावरून पडतं. पहिले दोन पाऊस धूळ धुऊन जाऊ द्या, मग ड्रम लावा, झाकण ठेवा.

जवसफूल
तेलाचं थोडं. जवसाचं तेल आपल्याकडे घरचं असते म्हणून काही जणी केसाला लावतात. लावू नका, ते हवेत वाळून चिकट पापुद्रा धरते, लाकडाला लावतात ते त्याच गुणामुळं. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना जाणारं प्रोटीन कमी करते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात सूर्यफूल अन् खनिज तेलाशी तुलना करून हे दाखवलं होतं. पण ते धुवायच्या *आधी* लावायचं. तुमच्या लांबीला दोन चमचे, रात्री, मधापासून टोकापर्यंत. तेल धुतल्यावर लावून काम अर्धंच होते.

शिकेकाई चालते, पण भुकटी थेट चोळू नका. खरबरीत केसात कण अडकतात अन् सोडवताना केस तुटतात. रात्री भिजवा, उकळा, कापडातून गाळा.

शेतात जाताना डोक्याला सुती दुपट्टा. ओला अंबाडा बांधून त्यावर बांधला तर मात्र तासाभरात टाळूला वास येतो, आधी वाळू द्या.

दर्यापूर_पट्टा
ताणून पाहिलं. टोकाचा केस लांबतच गेला, मागं आला नाही. मधातला बरा आहे. पुडी बंद करून ट्यूबवर आले, त्यात काही धोका होता का? अन् पोळ्याला दीड महिना आहे, तोवर केराटिन करू का?

कात्री_आणि_ब्रश
धोका होता. पुडीवर हर्बल लिहिलं, मेहंदी लिहिलं, तरी मागं बारीक अक्षरात पॅराफिनिलीनडायमाइन, म्हणजे काळा रंग देणारं रसायन, बहुतेक सापडते. नुसत्या मेहंदीनं केस काळे होतच नाहीत, नारिंगी-लाल होतात. काही पुड्यांत धातूचे क्षारही असतात अन् त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं तर केस गरम होऊन तुटतात. तपासायचं असं : फणीत निघालेले वीसेक केस दोऱ्यानं बांधा, काचेच्या वाटीत 30 मिलि डेव्हलपर अन् अमोनियाचे 20 थेंब, त्यात अर्धा तास. वाटी तापली, फेसाळली, केस हिरवट झाले किंवा हातात विरघळले, तर ते केस वाढून कापले जाईपर्यंत ट्यूब लावायची नाही. मुळाला नवीन कंपनीचा रंग घ्याल तर 48 तास आधी कानामागं ठिपका लावून पाहा. पापण्या सुजल्या, पुरळ आलं, तर तो रंग आयुष्यभर बंद अन् त्याच दिवशी दवाखाना.

केराटिन आता नको. त्यानं केस दुरुस्त होत नाही, वरून लेप बसतो, अन् तो बसवायला दोनशे अंशाच्या वर तापलेली प्रेस फिरवतात. च्युइंगमसारख्या केसावर ती प्रेस म्हणजे केस गेलाच समजा. अनेक द्रावणांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड निघते, डोळे चुरचुरतात ते त्यानंच. ओल्या केसावर तर कोणतीच प्रेस नाही, आतलं पाणी उकळून केसात बुडबुडे होतात.

पोळ्यापर्यंत असं करा. या आठवड्यात टोकं कापा, अन् चार बोटं नाही, केस मागं येतो तिथवर कापा. दर पंधरा दिवसांनी हायड्रोलाइज्ड केराटिन (बारीक तुकडे केलेलं प्रोटीन, पार्लरातला लेप नाही) किंवा गव्हाचं प्रोटीन असलेला मास्क, दहा मिनिटं, फक्त शेवटच्या वीतभर भागाला. मधल्या धुण्यांना साधं कंडिशनर. विंचरायचं कंडिशनर लावलेलं असतानाच, रुंद दाताच्या फणीनं, खालून वर. वाटीतली तपासणी ठीक निघाली तरच पोळ्याच्या आठ दिवस आधी क्षार काढणारा शॅम्पू, पाच दिवस आधी मुळाला रंग, मग दोन दिवस डोक्यावरून पाणी नाही. अन् उरलेलं मिश्रण पुढच्या वेळेला म्हणून बाटलीत बंद करून ठेवू नका, आत वायू साठते अन् झाकण उडते.