मदत हवी आहे: कोलार गोल्ड फील्ड्सचे जुने फोटो आणि आजच्या जागा

नमस्कार मंडळी,

सध्या बंगळूरला आहे. कोलार गोल्ड फील्ड्सचे, म्हणजे कर्नाटकातल्या जुन्या सोन्याच्या खाणींच्या भागाचे, जुने फोटो, पोस्टकार्डं जमवलीत आणि त्याच जागी, त्याच कोनातून आजचा फोटो काढायचा नाद लागलाय. स्टेशनं सोपी आहेत. बंगारपेटहून मारिकुप्पमची लोकल पकडली की उरगाम, चॅम्पियन अशी ओळीनं येतात. अडतंय ते खाणींच्या तोंडापाशी.

एका फोटोत शाफ्टवरचा (खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीवरचा) लोखंडी मनोरा, वर दोन चाकं, डावीकडे उतरत्या छपराचं इंजिनघर आणि मागे उघडं माळरान दिसतं. आज तिथे सायनाइडच्या गाळाचे (सायनाइडनं सोनं काढून उरलेल्या मातीचे) करडे डोंगर उभे असावेत, त्यामुळे क्षितिज काही जुळत नाही. फोटोत विजेचे खांब आहेत, म्हणजे कावेरीवरच्या शिवनसमुद्र वीजकेंद्राची वीज आल्यानंतरचा, १९०२ च्या पुढचा असणार. हा मनोरा चॅम्पियन रीफ खाणीचा की म्हैसूर माइन या खाणीचा, हे कशावरून ओळखायचं?

दुसरं, २००१ ला खाणी बंद झाल्या. आता कुंपणाच्या आत जायला परवानगी कुणाकडे मागतात? गेटवरच्या माणसानं हातानंच ‘निघा’ म्हटलं. चोरून घुसायची हौस नाही, जमीन कुठे खचेल सांगता येत नाही.

कुणाचे आजोबा-काका तिथे नोकरीला होते का? घरच्या अल्बममध्ये कामगारांच्या चाळींचे फोटो असतील तर फार उपयोग होईल. साहेबांच्या बंगल्यांचे ढिगानं मिळतात, चाळींचे जवळजवळ नाहीतच.