मदत हवी आहे: आयपॉडमध्ये एसडी कार्ड टाकल्यावर सिंक मध्येच तुटतो

२००५ चा आयपॉड व्हिडिओ, ३० जीबीचा, म्हणजे ३२ एमबी रॅमवाला. आतली १.८ इंची हार्ड डिस्क काढून अ‍ॅडॉप्टरवर १२८ जीबीचं एसडी कार्ड बसवलंय. कॉम्प्युटरवरच्या आयट्यून्समधून रिस्टोअर (आयपॉडचं सॉफ्टवेअर नव्याने टाकणं) नीट होतं, क्षमताही बरोबर दिसते. सिंक, म्हणजे गाणी आयपॉडमध्ये उतरवणं, सुरू केलं की काहीशे गाणी जातात आणि आयपॉड आपोआप रीस्टार्ट होतो. गेलेली गाणी मात्र विनातक्रार वाजतात.

एचटूटेस्टडब्ल्यू या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमने कार्ड पूर्ण भरून तपासलंय, नकली नाही. अ‍ॅडॉप्टरला बोर्डाशी जोडणारी चपटी रिबन केबल कुलूप उघडून सरळ बसवली, यूएसबी हब काढला, केबल बदलली. मेनू आणि मधलं बटण दाबून रीसेट, लोगो दिसताच मधलं आणि प्ले दाबून डिस्क मोड (यात आयपॉड साध्या पेनड्राइव्हसारखा वापरता येतो), असं करून मोठी फाइल टाकली तरी तेच. म्हणजे आयट्यून्सचा डेटाबेस दोषी नाही. गाणी जेमतेम नऊ हजार, त्यामुळे रॅम कमी पडण्याचाही प्रश्न नाही.

संशय दोघांवर: मूळ जुनी बॅटरी (सलग लिहिताना व्होल्टेज पडत असावं) किंवा अ‍ॅडॉप्टर. आधी काय बदलावं? बॅटरीच्या कनेक्टरचं तपकिरी कुलूप जोरात ओढलं तर बोर्डावरून उपटून येतं, म्हणून उगाच हात घालायचा नाही. अ‍ॅडॉप्टरच दोषी आहे हे बॅटरीला न शिवता कसं ओळखाल?

आणि ‘फोनवर ऐका की’ हा सल्ला कृपया नको. यातल्या वुल्फसन डॅकचा (डिजिटल गाण्याचा आवाज बनवणाऱ्या चिपचा) आवाज सोडवत नाही.