क्रीडा दिनाचा ‘कुणबी डान्स’ (गोव्यात फोंड्यातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरून)

सचिव (बी-४): नमस्कार. पुढल्या रविवारी क्रीडा दिन, पाच वाजता पार्किंगमध्ये. यंदा फीत कापणे नाही. उद्घाटनाला मुले ‘कुणबी डान्स’ करतील. साड्या भाड्याने, मेकअपवाली ठरली आहे.

शिल्पा (सी-२): वा! अगदी ऑलिंपिक 😍

नाईककाका (ए-१): मेकअप कसला मरे?

सचिव: तोंड, हात जरा सावळे करायचे. शेतातली माणसे वाटायला हवीत ना.

नाईककाका: म्हणजे सोंग आणायचे. मला नाही पटत.

मयूरेश (सी-७): काका बरोबर बोलतायत. २०१० मध्ये रशियाच्या डोम्निना-शाबालिन जोडीने युरोपियन स्पर्धेत आइस डान्स केला, ऑस्ट्रेलियन आदिवासींचा म्हणून. अंगाला घट्ट तपकिरी पोशाख, वर पांढरे पट्टे. तिथले आदिवासी पुढारी खवळले. पुढच्याच महिन्यात कॅनडात व्हँकुव्हर ऑलिंपिक, तिथे पोशाख बदलून तोच नाच! आणि त्या ऑलिंपिकला लिलवाट, मस्कीम, स्क्वामिश, स्लेवाटुथ हे चार मूळनिवासी समाज यजमान म्हणून आयोजकांच्या बरोबरीने बसलेले. पदकांवरचे चित्रसुद्धा कॉरीन हंट या मूळनिवासी कलावतीचे. तिच्या मोठ्या चित्राचा वेगळा तुकडा प्रत्येक पदकावर, त्यामुळे एक पदक दुसऱ्यासारखे नाही.

सचिव: कुठे व्हँकुव्हर, कुठे आपले पार्किंग!

डी-३: टाकीत पाणी नाही. कोणी बघणार का?

शिल्पा: पण २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला आदिवासी नृत्य होतेच की. किती छान झाले होते.

मयूरेश: होते ना. पण तो भाग बसवला स्टीफन पेज आणि ऱ्होडा रॉबर्ट्स यांनी, दोघेही त्याच समाजातले. ज्योत पेटवली आदिवासी धावपटू कॅथी फ्रीमनने. नंतर ४०० मीटर ४९.११ सेकंदांत जिंकून ती दोन झेंडे घेऊन मैदानभर फिरली, देशाचा आणि आदिवासींचा. १९९४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच झेंड्यावरून तिच्याच पथकाचा प्रमुख तिच्यावर डाफरला होता. सहा वर्षांत सगळे बदलले असे मी म्हणत नाही, पण निदान कोणाला पुढे करायचे ते तरी कळले.

सरिता वेळीप (बी-९): मी ग्रुपवर सहसा लिहीत नाही. माझे माहेर केपे तालुक्यातले. गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ उजाडले. पाहुणा आला की स्वागताला नाचवायला मात्र आम्ही आधीपासून आहोतच 🙂
भाड्याची साडी मी बघितली आहे. पॉलिस्टरवर छापलेली लाल चौकडी. माझ्या काकीची सुती, आखूड, खांद्यावर गाठ मारलेली. चिखलात वाकून भाताची लावणी करताना पदर सावरायला हात मोकळा कुठे असतो?

शिल्पा: मग काकींनाच बोलवूया? धालो करतील?

सरिता: धालो नाही गो. तो पौषात, रात्री, सारवलेल्या मांडावर, म्हणजे गावातल्या पवित्र अंगणात. बायका समोरासमोर दोन रांगा करतात. मांड सोडून पार्किंगमध्ये तो येणार नाही, कितीही मानधन द्या. फुगडी येईल.

सचिव: मानधन?? सांस्कृतिक कार्यक्रमाला?

नाईककाका: डीजेवाल्याला देता तेव्हा विचारता का?

खजिनदार (ए-६): ट्रॉफ्या लहान घेतल्या तर जमेल. मेकअपवालीची आगाऊ रक्कम परत मागा.

सचिव: बरे. सरिताताई, काकींना विचाराल?

सरिता: विचारते. पण आकडा आधी ठरवा, न्यायला-आणायला गाडी, आणि माइकवर ‘आपल्या ग्रामीण भगिनी’ नको. त्यांची आणि गावाची नावे घ्या.

सचिव: मान्य. मुलांचे काय? बिचारी रोज प्रॅक्टिस करतायत.

सरिता: काकी शिकवील. पण ताल चुकला तर ओळीतून बाहेर काढील, मग ती कोणाच्या आईबापांचे ऐकायची नाही.

डी-३: पाणी???